स्ट्रॉबेरीचं फज आणि बाबांचा नेम

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, लग्नानंतर चौथ्या दिवशी, मी रोहण्याहून निघाले ती छोट्या गाडीनं. आर्वीहून पुलगावला जाणारी ही गाडी इतक्या सावकाश सुटायची की पोचवायला आलेल्यांना चालत चालत बोलणं पुरं करता येई. बाबा माझ्या खिडकीच्या गजावर हात ठेवून फलाट संपल्यावरही चालत राहिले. बोलले एवढंच, "पोचली की कारड टाकजो." माय मागे उभी होती. तिनं सकाळीच शिदोरी बांधताना बोलून घेतलं होतं: "आम्ही येऊ वं तुले पाह्यले. पन जेवाचं नाव नको काढजो. नातू होऊ दे, मंग पंगतच मांडजो." भोवतीच्या बायका हसल्या, मीही हसले. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. तेव्हा तो मला वर्षा-दोन वर्षांचा वाटला.

पुलगावला मोठी गाडी, मनमाडला बदल, पुण्याहून एस.टी. आणि शेवटी पसरणीचा घाट. हे पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवत होते. शाळेच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. भोवतीचे शब्द नवे होते: डॉर्मिटरी, टर्म, प्रेप, मेट्रन. दर तासाला घंटा व्हायची आणि कोणाची तरी मुलं धावत जायची. माझ्या बोलण्यातलं "काऊन" आणि "करून राह्यली" ऐकून शेजारच्या बायका हसायच्या, वाईट मनानं नाही, पण हसायच्या. वर्षभरात मी ते शब्द आवरले. पुढे ते फक्त सुट्टीत, छोट्या गाडीत बसल्यावर, आपोआप तोंडात यायचे. घर सोडून लांब गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल. आपली बोली आपल्याआधी रेल्वेत बसते.

थंडीत बाजारात स्ट्रॉबेरी आली. आमच्या बागेत संत्री. फळ म्हणजे सोलायचं, फोडी करायच्या, वाटून खायचं, हीच माझी कल्पना. हे लाल फळ सोलायचं नव्हतं, वाटायचं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडत होतं. मी एक खाल्लं आणि आंबट लागलं म्हणून पाटी तशीच ठेवली. मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई, वसईच्या, एकट्या राहणाऱ्या, त्या दिवशी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "टाकतेस काय? फज कर. अगं, याच्याइतकं सोपं काही नाही. माझ्या सहावीतल्या मुली करतात."

खरंच सोपं होतं. फळ धुवून बारीक चिरायचं, साखर घालून पाणी आटेपर्यंत शिजवायचं. घट्ट झालं की गोड दाट दुधाचा एक डबा आणि लोण्याचा गोळा घालायचा, आणि मग हात थांबवायचा नाही. वाटीत थंड पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा; बोटांत त्याची मऊ गोळी झाली की पातेलं उतरवायचं, जोरात घोटायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापायचं. माय संत्र्याची बर्फी करायची तेव्हा हेच करायची. फक्त तिच्याकडे खवा होता, आणि इथे रंग गुलाबी. पहिल्या ताटातल्या वड्या पाडताना मी अठ्ठावीस वड्या कोणाला द्यायच्या याचा विचार करत बसले. आम्ही दोघंच होतो.

दर संक्रांतीला मी डबा भरून रोहण्याला न्यायची. भावाची पोरं दोन दिवसांत फडशा पाडायची. माय झाकण उघडून वास घ्यायची, "वास तं मस्त हाय बाप्पा," म्हणायची आणि झाकण लावायची. एका वर्षी मी युक्ती केली. फळ आटवून बरणीत नेलं आणि फज मायच्या चुलीवर, घरच्या गाईच्या दुधात केलं. माहेरी लेकीनं रांधलेलं खायला काय हरकत? मी बाबांपुढे ताटली ठेवली. त्यांनी विचारलं, "फळ कोनाचं?"

भाऊ म्हणाला, "बाबा, फळ झाडाचं असते, जावयाचं नाई."

"मंग झाडाले इचारून ये," बाबा म्हणाले, "मी हाव इथंच." सगळे हसले. ताटली पोरांकडे गेली.

ऐंशी साली माय गेली. माझ्या घरचं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही. पाचगणी तिनं पाहिलीच नाही. ब्याऐंशीत पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की आता मुलाची वाट पाहू नका. त्या दिवशी परतताना घाटात हे माझा हात धरून होते. आम्ही दोघांनी ते एकमेकांत ठेवलं. रोहण्याला मी कळवलं नाही. कार्डावर तशी गोष्ट लिहिता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. शाळेच्या ग्रंथालयात मला काम मिळालं होतं. पुस्तकांना कव्हरं घालत मी दिवस काढत होते.

पंच्याऐंशीच्या माघात बाबा आले. एकटे, सत्तरीच्या पुढचे, खांद्यावर संत्र्यांची गोणी आणि हातात शिदोरी. दशम्या, तिळाची चटणी, फुटाणे आणि स्वतःचा लोटा. स्वयंपाकघरातला नळ जावयाचा, पण अंगणातला नळ शाळेचा, असा निवाडा त्यांनी पहिल्याच दिवशी केला आणि तिथून लोटा भरून घेतला. ह्यांना ते पाहवेना. हे म्हणाले, "मग मीही बाहेरच जेवतो." तर बाबा: "जावईबापू, नेम माहा हाय. तुम्ही काऊन उपाशी राह्यता?"

दोन दिवस ते दशम्यांवर राहिले. एकदा खाली बाजारातल्या खानावळीत जाऊन आले, पण परतीचा चढ त्यांना झेपला नाही. शाळेच्या फाटकाशी धापा टाकत बसलेले मला दिसले. तिसऱ्या दिवशी दशम्या सरल्या. सकाळी फुटाणे आणि दोन संत्री, दुपारी पुन्हा तेच. हे शाळेत गेले होते. काय करावं ते न सुचून मी फज करायला घेतलं. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले, आणि पातेल्यात पाहत सूचना द्यायला लागले.

"आच कमी कर. तुही माय बारीक आचेवर करे."

"हो बाबा."

"हालवत राह्य. बुडाले लागून राह्यलं."

मी हलवत राहिले. त्यांच्या पोटातला आवाज मला ऐकू आला. त्यांनी घसा खाकरून तो झाकला. आणि अकरा वर्षं जे विचारलं नाही ते मी पातेल्याकडे पाहत विचारलं, "बाबा, माझ्यावर राग आहे का? मूल नाही म्हणून?"

बाबांनी पातेल्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "राग? कोनाचा वं? पोरी, मी तुह्या घरचं खाल्लं, त त्याचा अर्थ मी आस सोडली. लोकाइचं जाऊ दे, लोकाइले काय काम हाय! मले सोतालेच तसं वाटीन. तुही माय जाताना म्हने, तुम्ही सोडजो नोका."

मी आजवर जिला शिक्षा समजत होते, ती माझ्यासाठी धरलेली आस होती. आणि तीन वर्षं मी त्यांना खोट्या आशेवर उपाशी ठेवत होते. माझा हात थांबला. मी त्यांना पुण्याचं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत, कारण माझे शब्द मला सापडत नव्हते. सांगून झालं तेव्हा पातेल्यातून करपल्याचा वास येत होता. मी पातेलं उतरवलं आणि तशीच उभी राहिले.

बाबांनी डोक्याची टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी नीट केली. "कधीचं हाय हे?"

"तीन वर्षं."

"तीन वर्सं," ते म्हणाले. "आन तू एकटीच घेऊन बसली."

मग ते उठले. हात धुतले, अंगणात जाऊन नाही, माझ्या नळाखाली. पाटावर बसले आणि म्हणाले, "ते जे केलं तू, ते दे. गरम असू दे." मी चमच्यानं वाटीत घातलं. त्यांनी फुंकर मारून खाल्लं. "गोड हाय. जरासं करपलं." वाटी रिकामी झाली. तेव्हा ते म्हणाले, "आता जेवाले वाढ, माय. लय भूक लागली."

पोळ्या सकाळच्या होत्या, वांग्याची भाजी होती, वरण होतं. भाजी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. ज्या जेवणासाठी मी अकरा वर्षं झुरले होते ते समोर चाललं होतं, आणि मला पदर डोळ्यांना लावावा लागत होता. ते खाली मान घालून जेवत होते. मी रडते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत काय आहे हे मला दिसू नये म्हणून ते मान वर करत नव्हते.

त्यानंतर दर माघात ते आले, शिदोरीशिवाय. गेल्या पौषात ते वारले. त्यांची कार्डं मी आता वर्षांप्रमाणे लावून ठेवली आहेत, ग्रंथालयातली सवय. पंच्याऐंशीपर्यंतच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक ओळ आहे, "गोड बातमी लवकर कळवणे." पुढच्या एकाही कार्डावर ती नाही. पूर्वी ती ओळ आली की मी कार्ड उलटं करून ठेवायची. आता कोणी घर कुठलं विचारलं तर मी पाचगणी सांगते, कारण बाबा इथे पोटभर जेवले. पण जुनी कार्डं वाचताना मी सावकाश वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्याकडून काही येईल म्हणून वाट पाहणारं कोणी आता रोहण्यात नाही.