आधी सीडी, मग सिस्टीम

विलासदादा गेल्याचं मला मी शिकवतो त्या शाळेत, मधल्या सुट्टीत कळलं. फोन शोभावहिनींचा होता. "भाऊ, ह्यांना सकाळी छातीत दुखलं... राहिले नाय ते," एवढंच त्या बोलल्या. पोलादपूरहून महाडला पोहोचेपर्यंत मला आदला रविवार आठवत होता. दादांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायची की नाही, यावरून आम्ही वाद घातला होता.

दादा कचेरीत कारकून होते. वीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, भाड्याचा कॅमेरा घेऊन ते नाते गाव आणि आसपासच्या बौद्धवाड्यांतून फिरले. आईबापाचं बोट धरून सत्याग्रहाला चवदार तळ्यावर गेलेली जी माणसं तेव्हा हयात होती, त्यांना त्यांनी बोलतं केलं. साठेक सीडी झाल्या. आज त्या माणसांपैकी कुणी नाही. सीडींवरही ठिपके पडू लागले होते.

कॉम्प्युटर तेवढाच थकलेला. जुन्या सिस्टीमला आता संरक्षण मिळणार नाही, अशी सूचना पडद्यावर रोज यायची. बदलून टाका, असा माझा धोशा. दादा शांतपणे म्हणायचे, "बदलू की. पण हा सीडीचा ड्राइव्ह नव्या सिस्टीमवर चाललाच नाही तर? पुरात आपण आधी माणसं बाहेर काढतो, घराचं मग बघतो." त्यांनी इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि कामाला लागले. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची, कॉपी करायची, ती कॉपी अथपासून इतिपर्यंत लावून बघायची, मगच दुसरी सीडी.

नाते गावच्या भागाबाईंची सीडी ड्राइव्हला वाचता येईना. दादा आठ दिवस तिच्यामागे होते. शेवटी चित्र गेलं, पण नऊ मिनिटांचा आवाज हाती लागला. तो ऐकवायला ते मला घेऊन हिरकणीवाडीला गेले. भागाबाईंची नात तिथे खानावळ चालवते. भाकरी थापता थापता ती ऐकत होती... मग तिचे हात थांबले. "आजीच हाय ही. अशीच खोकायची." पिठाचे हात पुसत म्हणाली, "दादा, परत लावा." आम्ही तिथे तीनदा ऐकलं.

दादा गेले तेव्हा तीन सीडी बाकी होत्या. पंधरा दिवसांनी वहिनींनी मला खोली उघडून दिली. "ह्यांच्यासारखंच करा," म्हणाल्या. तसंच केलं. तिन्ही कॉपी पूर्ण पाहिल्यावर त्याच म्हणाल्या, "आता टाका नवी." नवी सिस्टीम बसली, आणि तो जुना ड्राइव्ह खरंच बंद पडला. माझं सुरुवातीलाच ऐकलं असतं, तर सगळ्या सीडी तशाच पडून राहिल्या असत्या.

नव्या सिस्टीमवर पहिली फाइल उघडली. पडद्यावर एक म्हातारी, आणि कॅमेऱ्यामागून तरुण आवाज : "आजी, घाई नाही. आठवेल तसं सांगा."

दादा एकाही चित्रात दिसत नाहीत. प्रत्येक सीडीत त्यांचा आवाज मात्र आहे. वहिनींनी स्टूल ओढलं, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडून माउस मागून घेतला. आता त्या रोज दुपारी एक फाइल लावतात, एकच.