नॉर्व्हलचा कोट

आर्डिसच्या कोंबड्यांच्या खुराड्याला चार कड्या होत्या, आणि चारही रॅकूनमुळे. विस्कॉन्सिनच्या त्या उतारावरच्या शेतात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा दाराला साधी खिटी होती. रॅकूनने ती आठवड्यात उघडली. त्याचे पुढचे पंजे म्हणजे हातच, आणि डोळ्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्यामुळे चेहराही चोराचा. तिच्या नवऱ्याने, नॉर्व्हलने, आकडा लावला, मग सरकती कडी, मग साखळी. शेवटी सकाळी अंडी काढायला गेलेल्या आर्डिसलाच दार उघडेना.

"त्यालाच बोलाव," ती म्हणाली. "तो देईल उघडून."

नॉर्व्हल दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. रॅकूनवर मात्र त्याचा राग नव्हता. उद्या मका काढू, असं तो जेवताना म्हणाला, की उजाडेपर्यंत कणसं सोलून गेलेली असायची. "खिडकीखाली बसून ऐकतो मेला," एवढंच म्हणायचा.

स्कंकची तऱ्हा वेगळी. ओसरीच्या फळ्यांखाली त्याचं बीळ होतं. काळ्या पाठीवर पांढरा पट्टा मिरवत तो संध्याकाळी बाहेर यायचा, गवतात किडे उकरायचा, आणि मागच्या पायरीवर मांजराच्या ताटलीत खुशाल तोंड घालायचा. मांजर सरकून जागा द्यायचं. स्कंक भला प्राणी, उगाच नावं ठेवतात लोक. आधी पुढचे पाय आपटून बजावतो, शेपूट उभी करतो, आणि तरीही समोरचा शहाणा झाला नाही तरच पाठ फिरवून घाण वासाचा फवारा सोडतो. त्यांच्या कुत्र्याला हे जन्मभर कळलं नाही. एका ऑक्टोबरात त्या कुत्र्याला मागे ओढायला गेलेल्या नॉर्व्हलला कळलं, पण उशिरा.

टोमॅटोच्या रसाने तो वास जातो, असं सगळा गाव छातीठोकपणे सांगायचा. आर्डिसने नवऱ्याला गोठ्यापाशी उभं केलं आणि हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सगळ्या बरण्या तळघरातून आणून एकेक त्याच्या डोक्यावर रिकामी केली. वास तसूभरही हलला नाही. नॉर्व्हल तेवढा लालभडक झाला. दोघं हसून हसून चिखलात बसली. त्या हिवाळ्यात घरात एकदाही सूप झालं नाही.

बाकीचे कपडे मातीत पुरले, पण लोकरीचा कोट नवा होता, तो त्याने पुरू दिला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो तोच घालून दूध काढायचा. कोरड्या दिवशी कोट गरिबासारखा असायचा. हवा दमटली की वास यायचा, आणि आर्डिस चुलीपाशी पाठमोरी उभी राहूनच ओळखायची, नॉर्व्हल आला.

तो जाऊन सहा वर्षं झाली होती. उशीचा वास गेला, तंबाखूचा गेला. कोटाचा तेवढा राहिला होता. धुकं पडलं की ती गोठ्यात जाऊन कोटाजवळ उभी राहायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की मला स्कंकच्या घाणीत माझा नवरा भेटतो?

मग तिची मुलगी लॉर्ना तिला शहरात आईसाठी घेतलेल्या फ्लॅटवर न्यायला आली. दोन दिवस बांधाबांध चालली. दुसऱ्या दुपारी आर्डिसला कोट दोरीवर वाळत घातलेला दिसला.

"आई, तीन वेळा धुतला," लॉर्ना म्हणाली. "आता रस-बिस नाही वापरत कुणी. पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण. बघ, नाक लावून बघ."

आर्डिसने नाक लावलं. साबणाचा वास होता.

"छान झालाय," ती म्हणाली. पोरीचे हात सोलवटले होते, तिला काय बोलायचं? पण नॉर्व्हल गेला त्या दिवशीसुद्धा आर्डिस इतकी एकटी पडली नव्हती.

दिवस मावळताना ती कोट घेऊन मागच्या पायरीवर गेली. स्कंक ताटलीपाशीच होता. पहिल्याची ही कितवी पिढी, कोण जाणे. आर्डिसने कोट त्याच्यापुढे धरला आणि त्याच्याच रीतीने पाय आपटले. एकदा, दोनदा. स्कंकने मान वर करून तिला न्याहाळलं आणि पुन्हा खायला लागला. इतकी वर्षं तिने त्याच्या वाडवडिलांना कधी हटकलं नव्हतं, आता ऐंशीव्या वर्षी तिला कोण भिणार?

"अरे, त्या कुत्र्याला एवढं दिलंत," ती म्हणाली. "मला थोडं दे की."

"आई, कुणाशी बोलतेयस?" लॉर्नाने आतून विचारलं.

"मांजराशी."

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. दाराला एकच कुलूप, रॅकूनने हसत उघडलं असतं असं. आर्डिसने कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला. पहिल्याच रविवारी लॉर्ना जेवायला आली म्हणून तिने टोमॅटोचं सूप चढवलं. एवढीशी ती खोली, उकळी आली तशा काचा वाफेने धुरकटल्या. टेबल पुसणारी लॉर्ना थांबली. तिने नाक वर केलं, आणि तिचा चेहरा पडला.

"आई, शप्पथ, तीन वेळा धुतला होता मी."

"माहीत आहे गं."

लॉर्ना खिडकीकडे वळली.

"राहू दे ती बंद," आर्डिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत. "तुझा बाबा आलाय."

आणि तिने सुपाखालची आच वाढवली.