सालीचं कापड

बायको गेली त्या दुपारी आम्ही दोघं दोह्यात, अल नस्र भागातल्या आमच्या खोलीत झाडाच्या सालीचं कापड शिवत होतो. मी दर्जी, सूक वाकिफच्या बाजारात माझी उमर गेली, पण असलं कापड कधी हाताखाली आलं नव्हतं. तांबूस, मऊ, धुराचा वास येणारं. मशीनवर घातलं तर चर्र करून फाटलं.

"सरका तिकडे," बायको म्हणाली. सुई घेऊन बसली. मी नुसतं टोक धरलं.

कापड युगांडाच्या एका ड्रायव्हरचं. इंग्रजांनी त्यांचा राजा देशाबाहेर नेला तेव्हा ड्रायव्हरच्या आजीने दुखवटा म्हणून हे अंगाला गुंडाळलं होतं. राजा परतला. पुढे त्यांच्याच सरकारने राजेपण मोडलं, कापड पेटीत गेलं. आता राजेपण परत आलं होतं, राजाचा मुलगा गादीवर होता. येत्या जुम्याला दोह्यातली त्याची माणसं तो गादीवर बसल्याचा सण करणार होती.

"दुखवट्याचं कापड सणाला?" मी ड्रायव्हरला तोंडावर विचारलं होतं.

"चाचा, आमच्यात दोन्हीला हेच लागतं."

एसी घुमत होता. पडद्यातून ऊन लाल होऊन तिच्या हातांवर पडलं होतं. टाके घालताना ती म्हणाली, "अवो, इतकी वर्षं राजा नव्हता, लोक सलाम कोणाला करीत असतील?"

"रिकाम्या खुर्चीला."

"आणि तुम्ही? इथे बायको बसलीय, तिला कधी केलात?"

मी हसलो. सलाम काही केला नाही.

थोडी किनार उरली. सुई कापडात टोचून ती म्हणाली, "जरा पडते. बाकीचं मगरीबच्या नमाजनंतर." मलाही डोळा लागला. झोपेत दिसलं, ती आणि ड्रायव्हरची ती आफ्रिकेतली आजी एका झाडाखाली बसून साल कुटतायत, ठक ठक, आणि बोलतायत, जशा एकाच मोहल्ल्यातल्या. मी जागा झालो. ती झाली नाही. रात्री इशाच्या नमाजनंतर तिच्या मातीला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आला. चपला हातात धरून दारातच उभा. "चाचा, राहू द्या. मी असंच घालीन. खलास."

"खलास काय? तुझा राजा इतकी वर्षं थांबला, तुला घडीभर बसवत नाही?"

टोक त्याच्या हातात दिलं. सुईत तिचाच धागा होता. तिने सोडलं होतं तिथून मी शिवायला घेतलं.