पांदणीत अडकलेली तिरडी

आईला चार खांदे मिळाले ते फक्त पांदण लागेपर्यंत. स्मशानाकडे जाणारा आमचा हा शेतरस्ता इतका अरुंद झालेला, की चौघांना सोबत चालता येईना. दोघं बाजूला झाले. उरलेल्या दोघांनी तिरडी पुढून-मागून धरली आणि चिखलात एकाचा पाय घसरला. आई सोयाबीनमध्ये पडली.

चिता पेटल्यावर मी गावावर तोंड सोडलं. दरसाल पेरणीला जो तो पांदणीत एकेक तास, पेऱ्याची एकेक ओळ, पुढे सरकतो, रस्ता गिळतो आणि माणूस मेलं की रडायला येतो, असं बरंच बोललो. शेजारच्या वावराचा मालक, आईचा मानलेला भाऊ, तेवढा बोलला.

"तिरडी तुह्याच वावरापाशी अडकली न बाबू. आमाले कायले बोलून राह्यला?"

खरं होतं. पांदण कोरायला सुरुवात बापाने केली होती, पण गेली कित्येक वर्षं पेरणीच्या ट्रॅक्टरवर मीच बसत होतो. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गावावरचा राग सोपा होता, हा गिळता येईना.

तेरवीच्या आधीच तालुक्याला, मालेगावला जाऊन पांदणीचा सरकारी नकाशा आणला, टेप लावला आणि रस्त्यात आलेल्या आमच्या उभ्या सोयाबीनवर ट्रॅक्टर घातला. बाप वावराच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन उभा राहिला. त्याची बायको जाऊन आठवडा झाला नव्हता.

"चार खांद्यांवर जायाची मले घाई नाई," तो म्हणाला. "जमीन कायले सोडून राह्यला?"

मी ट्रॅक्टर थांबवला नाही. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं याचं. मग लाजेकाजेस्तव शेजाऱ्याने आपले तास सोडले, त्याच्यामागून बाकीच्यांनी. दोघांनी आधी शिव्या दिल्या, मग सोडले. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून मुरूम टाकला. गावाने माझा सत्कार ठेवला. मी गेलो नाही. आईला चिखलात पाडणाऱ्याला कसली शाल घालता?

बाप त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं ताट माझी बायको नेऊन देते. परवा तिच्याजवळ त्याने निरोप दिला, आणि तिने तो खाली बघत मला सांगितला.

"त्याले सांग, आता चौघं मावतात म्हना. त्या चौघात तो नोको."