जुन्या बटणाच्या जागी

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या धायरीच्या घरातला वायरलेस डिमर आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला आणि इलेक्ट्रिशियन तिसऱ्यांदा आले. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आईला प्रखर दिवा टोचतो, म्हणून ती संध्याकाळी अंधारातच बसू लागली होती. दिवा मंद करता यावा, यासाठी भिंतीवर या डिमरची, बल्बला बिनतारी इशारा देणारी गोल चकती लावली होती.

हे गृहस्थ टेस्टर कानावर ठेवतात आणि प्रत्येक काम आधी जाहीर करतात. "आता स्टुलावर चढतो," म्हणतात, मग चढतात. "होईल" कधीच म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. चहाला मात्र लगेच हो म्हणतात.

त्यांनी बल्ब तपासला, मग भिंतीवरचं जुनं बटण पाहिलं.

"काकू, हे कोणी बंद केलं?"

"मीच. खोलीतून उठलं की बटण बंद करायचं. तुमच्याकडे दिवे जळत ठेवतात वाटतं?"

"अहो, बल्बला वीजच नाही, तर चकती काय करणार?"

बटणावर चिकटपट्टी लावावी, असं मी सुचवलं.

"चाळीस वर्षांची सवय चिकटपट्टीचं ऐकते होय?" ते मला म्हणाले. "आता मेन बंद करतो."

बटण काढून त्यांनी आतल्या वायरी कायमच्या जोडल्या, वर कोरी प्लेट लावली आणि नेमक्या त्याच जागी चकती बसवली. मेन सुरू करून त्यांनी आईला खोलीबाहेर जायला सांगितलं. जाताना तिचा हात आपोआप तिथेच गेला. चकती दाबली गेली, दिवा विझला. परत येऊन तिने ती फिरवली.

सव्वासात वाजता आई मंद उजेडात मेथी निवडत होती.