आठव्या आठवड्याची सुई

माझा दादा मूर्ख नव्हता, हे आधीच सांगते. मूर्ख असता तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी विचारलं असतं.

तीस वर्षं त्याने मधमाश्या पाळल्या. गावाबाहेरच्या उतारावर चाळीस पेट्या. हातमोजे घालणाऱ्यांना तो हसायचा. "माशी चावली म्हणून बोंबलणाऱ्याने बटाटे विकावेत," म्हणायचा. चावली की नखाने नांगी खरवडून टाकायची आणि कामाला लागायचं. त्याला कधी साधी गाठसुद्धा आली नाही. भोगलं ते वहिनीने.

ती बिचारी पेट्यांजवळ कधी गेलीच नाही. फक्त त्याचे कपडे झटकून धुवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपड्यांवरचं विष वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगाला लागत राहिलं आणि शरीराने त्याच्याशी वैर धरलं. गेल्या वर्षी दाराशी एक माशी चावली, तर पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला, बाई जमिनीवर. कशीबशी वाचली. दादा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. "सगळ्या पेट्या विकतो," म्हणाला. वहिनीनेच त्याला गप्प केलं. "अहो, मग खायचं काय? आणि जगातल्या सगळ्या माश्या काय तुमच्याच आहेत?"

म्हणून लस सुरू झाली. माशीचंच विष, पण इतकं पातळ केलेलं की शरीराने त्याला हळूहळू आपलं म्हणावं. दर शनिवारी एक सुई, दर वेळी कणभर जास्त. मग अर्धा तास तिथेच बसायचं, नर्सच्या डोळ्यांसमोर. नर्सने पहिल्याच दिवशी बोट नाचवून बजावलं, "एकही आठवडा चुकवायचा नाही हं."

दादाने ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. मध काढायचा हंगाम ऐन भरात होता, तरी सातही शनिवार तो स्वतः तिला घेऊन गेला. सातव्या सुईनंतर नुसता दंड लाल झाला. वहिनी मला म्हणाली, "बघच तू, पुढच्या वर्षी मीच पेटी उघडते की नाही!" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आठव्या आठवड्यात दवाखान्यातून निरोप आला. लस संपलीय, नवीन यायला दहा-बारा दिवस लागतील, आली की कळवू.

दादाचं डोकंच फिरलं. "सगळ्यावर पाणी पडणार," म्हणत घरभर येरझारा.

"अरे, फोन करून विचार ना, चालेल का म्हणून," मी म्हटलं.

"काय विचारायचं? चुकवायचं नाही असं त्या नर्सनेच सांगितलंय."

आणि शनिवारी सकाळी, नेहमीच्या सुईच्या वेळेला, तो काडेपेटीत एक माशी घेऊन आला.

"बाटलीत जे आहे तेच हिच्यात आहे," तो म्हणाला. "एक म्हणेपर्यंत नांगी काढतो. तेवढ्यात कितीसं जाणार?"

हजारो वेळा केलेलं काम. मी "दादा, नको रे" म्हटलं, पण एकदाच, आणि तेही पुटपुटत. वहिनीने आपणहून बाही वर केली. तिचा त्याच्यावर विश्वास होता. आणि मी काय केलं? घड्याळ घेऊन समोर बसले, अर्धा तास मोजायला! त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

त्याने "एक" म्हटलं, नख मारलं, नांगी निघाली. विष तेवढ्यात आत गेलं होतं. सातव्या मिनिटाला वहिनी म्हणाली, "तळवे खाजतायत गं." नवव्या मिनिटाला तिला बोलता येईना. घरी ठेवायला दिलेली तातडीची सुई मी तिच्या मांडीत टोचली. दादाने तिला उचलून गाडीत घातलं. दवाखाना वीस मिनिटांवर होता. वहिनी रस्त्यातच गेली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एका डंखात त्या सातव्या सुईच्या कितीतरी पट विष असतं, आणि नख कितीही चपळ असलं तरी ते विष आत जायचं थांबत नाही. दादा खाली मान घालून ऐकत होता.

नवव्या दिवशी फोन वाजला. दवाखान्यातली कुणी नवीन मुलगी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. लस आलीय, शनिवारी या, म्हणाली. मी फोन काढून घ्यायला धावले, पण दादा विचारत होता, "आठवडा चुकलाय. आता पहिल्यापासून का?"

"छे हो," ती म्हणाली. इतकी मोठ्याने की मलाही ऐकू आलं. "फार तर एक पायरी मागे जायचं. काही वाया जात नाही."

"बरं," दादा म्हणाला. "बरं, बरं." फोन ठेवून तो तिथेच खाली बसला.

मग मला विचारलं, "एक फोन केला असता तर वाचली असती ना गं?"

तो माझा सख्खा भाऊ. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"हो," मी म्हटलं. "वाचली असती."