मशीनचं वातावरण

अकलेचे तारे मी आयुष्यात पुष्कळ तोडलेत. त्यातला सगळ्यात मोठा कुठला म्हणाल, तर तो मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात तोडला, तोही थंडगार खोलीत बसून. चहा ओता, सांगतो.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी मूळचा कोरेगावचा. आयटीआय केलं आणि मामांकडे आलो. मामा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि कारखान्याच्या पहाऱ्याचे मुख्य. त्याच सुमारास कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला माणूस हवा होता. मामा थेट चेअरमनांकडे गेले.

"आमचा वसंता हाय की. रेडिओ खोलतो आन् परत जोडतो."

रेडिओ मी खोलला होता हे खरं. जोडलेला मामांनी कधी पाहिला नव्हता.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं मला थोडे दिवस शिकवलं. त्याचं शिकवणं काय, तर धूळ नको, उष्मा नको, ओल नको. चेअरमन पहिल्यांदा मशीन बघायला आले, तर या गृहस्थानं त्यांनाही चपला बाहेर काढायला लावल्या. मी मनाशी पक्कं केलं, की मशीन म्हणजे ओली बाळंतीण. वारा लागला, की संपलं.

आता काम काय होतं तेही सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट समजेल. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हा क्रम मशीननं लावायचा होता. वशिल्याच्या माणसाचा ऊस आधी आणि बाकीच्यांचा वाळून चिपाड होतो, ही ओरड दरवर्षीची. चेअरमननी भर सभेत सांगून टाकलं होतं, की यंदा मशीन सांगेल तशी तोड. मशीन काही कुणाचा पाहुणा नाही.

हा क्रम लावणारा प्रोग्रॅम पुण्याच्या लिमयेबाई लिहीत. पंचविशीतल्या बाई, शांत बोलायच्या, पण चूक बरोबर हेरायच्या. पुण्यात बसून त्या दुरुस्त्या करत आणि भोकं पाडलेली नवी कार्डं एस.टी.च्या पार्सलनं येत. ती मी जुन्या कार्डांत मिसळायची, संध्याकाळी मशीनला भरायची, बटण दाबायचं आणि घरी जायचं. मशीननं रात्रीत सगळी कार्डं वाचून नवा प्रोग्रॅम आपला आपण बांधून ठेवायचा. दिवसा मशीनला दुसरी कामं असत, म्हणून हे काम रात्री. बाईंनी स्वतः येऊन ही सगळी सोय लावून दिली, मला एकदा करून दाखवली आणि बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "वसंतराव, रोज सुरू करायच्या आधी एन्व्हायरन्मेंट तेवढं नीट लावत जा. बाकी मशीन बघून घेईल."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर प्रोग्रॅमचा पत्ता नाही. छापायच्या यंत्रातून एकच ओळ बाहेर आलेली. एन्व्हायरन्मेंट लावलेलं नाही.

कारखान्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "एन्व्हायरन्मेंट म्हणजे भोवतालचं वातावरण."

घ्या. म्हणजे इंजिनिअर जे घसा फोडून सांगत होता तेच. खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, पण खिडक्या पश्चिमेच्या. ऊन थेट आत. मी गोदामातून गोणपाटं आणली, भिजवली आणि सगळ्या खिडक्यांना टांगली. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून थर्मामीटर आणला आणि मशीनच्या कडेला दोऱ्यानं बांधला. ताप बघायचा थर्मामीटर तो. खोलीची हवा त्यात कुठून दिसणार? पारा खाली बसलेला बघून मी खूष. म्हटलं, मशीनला ताप नाही.

सकाळी पुन्हा तीच ओळ.

मामांनी विचारलं, "का रं, काय म्हनतंय मशीन?"

"वातावरण नीट न्हाई म्हणतंय."

मामा गंभीर झाले. "तसं असतंय. लडाखला आमचं वायरलेस असंच करायचं."

हंगाम तोंडावर आलेला. चेअरमन रोज विचारायचे, "झालं का रं?" आणि मी म्हणायचो, "होतंय साहेब." शेवटी मी बाईंना ट्रंक कॉल लावला. फोन त्यांच्या शेजाऱ्यांचा, घर लग्नाचं, आणि लाइन अशी की बाई विहिरीच्या तळातून बोलतायत असं वाटावं.

"बाई, एन्व्हायरन्मेंट लावलं, तरी होत नाही."

"ड्राइव्ह बघितला का? ड्राइव्ह?" टेप ज्याच्यावर फिरते त्या यंत्राबद्दल बाई विचारत होत्या. मला ऐकू आलं 'ड्राय'.

"ड्राय नाही बाई, ओलं आहे. गोणपाटं लावलीत."

"काय लावलंय? ऐकू येत नाही. आणि लायब्ररी? लायब्ररी तिथंच हवी, दुसरीकडे ठेवलीत तर मशीनला सापडणार नाही."

"लायब्ररी इथंच आणू?"

"हो, हो. तिथंच. ती नसेल तर काहीच—"

लाइन तुटली.

हसू नका. लायब्ररी म्हणजे मशीनच्या टेपवर साठवलेले प्रोग्रॅमचे तयार तुकडे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ठाऊक असलेली लायब्ररी एकच, कामगार वाचनालय. आणि मशीनबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं आम्ही नेमकी त्याच वाचनालयाच्या कपाटात कुलूप घालून ठेवली होती. बाईंना ती पुस्तकं मशीनजवळ हवीत, हे मला सरळ दिसत होतं. कपाटाची किल्ली सापडेना, तेव्हा मी ठरवलं, कपाटच आणू.

मामांनी पहाऱ्यावरची माणसं लावली. लोखंडी कपाट, वर पुस्तकांनी ठासलेलं. मामा पुढं चालत हुकूम सोडत होते. "लेफ्टला घ्या. जमिनीला लागू देऊ नगा. गड्या, तुझ्या बाजूनं वाकतंय ते."

कपाट आलं. गोणपाटं काढून टाकली आणि हवा कोरडी व्हावी म्हणून मी कोळशाची शेगडी पेटवून दाराशी ठेवली. एकीकडे थंड हवेचं यंत्र घुरघुरतंय, एकीकडे शेगडी फुललीय. मशीननं तरी काय करावं?

पण खरी गंमत पुढंच. कपाट आलं म्हणजे त्याच्यामागं वाचणारेही आले. गणू बापू म्हणून एक निवृत्त वजनकाट्यावाले होते, ते रोज दुपारी वाचनालयात बसत. ते कपाटाचा माग काढत आले, चपला बाहेर ठेवल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

"बापू, इथं बसायचं नाही."

"आवं, पुस्तकं हितं, मग मी कुठं जाऊ? आन् हितं लय गार वाटतंय."

दुसऱ्या दिवशी बापू दोन मित्रांना घेऊन आले. एकानं पानाचा डबा आणला. तिघं मशीनकडे पाठ करून मोठ्यानं पेपर वाचायचे. मी त्यांना एकच ताकीद दिली. मशीनच्या वातावरणासाठी, कृपया शिंकू नका.

सकाळी छापून येणारी ओळ काही बदलली नाही. आता मात्र माझी झोप उडाली. नोकरी जाईल त्याचं एवढं वाटत नव्हतं. मामांचा शब्द पडेल, आणि मशीन नाही म्हटल्यावर तोड पुन्हा वशिल्यानं होईल, ते डोक्यात घोळत होतं. चेअरमननी सांगून टाकलं, "सोमवारी मी बगाया येतो. चाललं न्हाई तर माघारी धाडू त्याला."

सोमवारी सकाळी, चेअरमनच्या आधी, लग्न उरकून लिमयेबाई पुण्याहून सांगलीमार्गे बसनं आल्या. हातावर बहिणीच्या लग्नातली मेंदी तशीच. दारात शेगडी बघून थबकल्या. आत कपाट बघितलं. गणू बापूंनी "या, बसा," म्हटलं. बाईंनी थर्मामीटर हातात घेऊन बघितला आणि परत होता तिथं ठेवला.

"वसंतराव, एन्व्हायरन्मेंट कुठंय?"

मी दोन्ही हात पसरले. "हे काय बाई, सगळं लावलंय."

"अहो, कार्डं. मी निळ्या कार्डांचा छोटा गठ्ठा दिला होता ना तुम्हाला? कुठली टेप कुठं आहे, लायब्ररी कुठं आहे, छापायचं कशावर, हे मशीनला सांगणारी कार्डं. ती सगळ्यांत पुढं लावायची. तेच एन्व्हायरन्मेंट."

निळी कार्डं मला नीट आठवत होती. थंड हवेचं यंत्र फार खडखडत होतं. तेवढ्या आवाजानंसुद्धा वातावरण बिघडेल म्हणून मी ती कार्डं घडी घालून यंत्राच्या फटीत ठोकून बसवली होती. आवाज अगदी थांबला होता.

बाईंनी ती फटीतून काढली आणि उलगडली. मग तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं, बाई हसतायत. त्यांनी नवी कार्डं पाडली, पुढं लावली, बटण दाबलं. रात्रीची वाट न बघता मशीन भर दुपारी कामाला लागलं, आणि चेअरमन आले तेव्हा तोडणीचा क्रम धडाधडा छापून बाहेर पडत होता. चेअरमनच्या चुलतभावाचं नाव पार तळाशी. चेअरमननी ते वाचलं, एकदा खोकले, आणि म्हणाले, "बरोबर हाय."

मग त्यांनी विचारलं, "आडलं कशानं व्हतं?"

मी खाली बघितलं. बाई म्हणाल्या, "वातावरणाचं होतं साहेब. वसंतरावांनी फार कष्ट घेतले."

त्या एका वाक्याचे उपकार मी अजून विसरलो नाही. मामांची मान ताठ झाली. चेअरमन तर एवढे खूष झाले की हंगामातल्या उसाच्या पहिल्या मोळीच्या पूजेला मला फेटा बांधला. आणि तिथंच सगळं पुन्हा चुकलं. कवठे महांकाळच्या बाजूला एका कारखान्यानंही तसलंच मशीन घेतलं होतं, आणि तेही रात्री चालत नव्हतं. आमच्या चेअरमननी त्यांना शब्द दिला, "वातावरन लावनारा माणूस हाय आमच्याकडं. धाडतो."

मी निघालो. यावेळी खिशात निळ्या कार्डांचा गठ्ठा, करकरीत, रबर लावलेला. आता मला सगळं येत होतं. जीप फाटकाशी थांबली आणि मी बघतच राहिलो. फाटकाला आंब्याच्या डहाळ्या, मशीनच्या खोलीपर्यंत रांगोळी, दारात सनई-चौघडा, उदबत्तीचा धूर आणि ओवाळायला उभ्या पाच सुवासिनी. त्यांचे मॅनेजर हात जोडून पुढं आले.

"या, सायेब. तुमचे चेअरमन म्हनले, समदं वातावरनावर हाय. आमी कायबी कमी ठेवलं न्हाई. हाय का नीट?"

सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघत होता. सनईवाला गाल फुगवून वाजवत होता. खिशातल्या गठ्ठ्यावर माझा हात होता. मला त्या कार्डांचं तेवढं सांगायचं होतं, पण माझ्या तोंडून निघालं,

"वातावरण उत्तम आहे. फक्त सनई जरा हळू."